निहिलिझम वाचायला घेताय? मग या क्रमाने जा

"कशालाच काही अर्थ नाही" हे वाक्य कट्ट्यावर टाकून द्यायला सोपं आहे. त्यामागचं तत्त्वज्ञान वाचायला बसलं की मात्र डोकं गरगरतं. एकीकडे रशियातले निळ्या चष्म्यातले विद्यार्थी, एकीकडे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे, एकीकडे बौद्ध आचार्य नागार्जुन आणि वर इन्स्टाग्रामवरची काळ्या पार्श्वभूमीची वाक्यं. सगळ्यांवर एकच चिठ्ठी डकवलेली. मी हा विषय कुठल्या अभ्यासक्रमातून शिकलो नाही, हाताला लागेल तसा वाचत गेलो. नव्या माणसाला निदान क्रम तरी आयता मिळावा म्हणून हे लिहितोय.

पुढे प्रत्येक पायरीवर लागेल अशी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इतिहासात 'निहिलिस्ट' हे नाव बहुतेक वेळा दुसऱ्याने ठेवलेलं आहे, आणि ज्यांना ते ठेवलं गेलं ती माणसं कशावर तरी जीव टाकणारी होती. म्हणून हा शब्द दिसला की वहीत तीन रकाने आखा: कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, आणि समोरच्याने नेमकं काय नाकारलं म्हणून म्हणतंय.

लागणारं सामान

- रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हची 'फादर्स अँड सन्स'. कॉन्स्टन्स गार्नेटचा जुना इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे.
- नीत्शेचं 'द गे सायन्स'. वॉल्टर काउफमनचा अनुवाद घ्या, टिपा चांगल्या आहेत.
- फ्रेंच लेखक कामूचं 'द मिथ ऑफ सिसिफस'.
- धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध' आणि सदाशिव आठवले यांचं 'चार्वाक: इतिहास आणि तत्त्वज्ञान'.
- दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश'. विकत घ्यायच्या फंदात पडू नका. गावातल्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करा आणि तिथेच बसून हव्या त्या नोंदी उतरवून घ्या.
- स्टॅनफर्डचा ऑनलाइन तत्त्वज्ञानकोश. अवघड आहे, पण विश्वासाचा.

१. कुठला निहिलिझम, ते आधी ठरवा

एकाच नावाखाली निदान चार वेगवेगळे दावे फिरतात. खात्रीचं ज्ञान मिळूच शकत नाही, हा एक. चांगलं-वाईट असं वस्तुतः काही नसतं, हा दुसरा. जगण्याला मुळातला अर्थ नाही, हा तिसरा. आणि आहे ती सगळी व्यवस्था मोडल्याशिवाय नवं काही उभं राहणार नाही, हा चौथा. यातला एक मानला म्हणजे बाकीचे तीन आपोआप मानावे लागतात असं नाही. बहुतेक वादांत माणसं एका दाव्यावरून दुसऱ्यावर नकळत उडी मारतात आणि मग भांडण मिटत नाही.

उदाहरण घ्या. ऑक्सफर्डमध्ये शिकवणाऱ्या जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९७७ साली नीतिशास्त्रावरच्या पुस्तकाची सुरुवातच 'वस्तुनिष्ठ मूल्यं नसतात' अशी केली. इथे तो दुसऱ्या दाव्याचा माणूस. पण उरलेल्या पुस्तकात तो काय करतो? माणसांनी एकत्र राहण्यासाठी नीती कशी रचावी, याचाच विचार. बॉम्ब नाही, उदासी नाही.

२. रशियापासून सुरुवात करा, जर्मनीपासून नको

शब्दाचा माग काढत गेलात तर १७९९ साली याकोबी या जर्मन विचारवंताने तत्त्वज्ञ फिख्टेला लिहिलेल्या जाहीर पत्रापाशी पोहोचाल. ते आत्ता सोडा. समाजाच्या तोंडी हा शब्द बसला तो १८६२ मध्ये, तुर्गेनेव्हच्या कादंबरीमुळे.

आदल्याच वर्षी, १८६१ मध्ये, झार दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासांना मुक्त केलं होतं. विद्यापीठांत जमीनदारांच्या मुलांशेजारी धर्मगुरूंची, कारकुनांची, डॉक्टरांची मुलं येऊन बसली होती. बझारोव हा त्यातलाच एक. गावच्या डॉक्टरचा मुलगा, बेडूक फाडून बघणारा, कुठल्याही कवीपेक्षा चांगला रसायनशास्त्रज्ञ वीसपट उपयोगी म्हणणारा. निहिलिस्ट म्हणजे कोण, हे पाचव्या प्रकरणात त्याचा मित्र आर्काडी सांगतो: कुठल्याही अधिकारापुढे न झुकणारा आणि कितीही मान्यता असलेलं तत्त्व केवळ श्रद्धेने न स्वीकारणारा. अर्थ नसण्याबद्दल इथे चकार शब्द नाही, हे लक्षात घ्या. दहाव्या प्रकरणातलं बझारोव आणि आर्काडीचा काका पावेल यांचं भांडण दोनदा वाचा. "मग बांधणार कोण?" असा प्रश्न आला की बझारोवचं उत्तर ठरलेलं: ते आमचं काम नाही, आधी जागा मोकळी करायची.

कादंबरी संपवल्यावर तिच्यावरून जे रण माजलं ते वाचा. माझ्या मते खरा धडा तिथे आहे. 'सोव्रेमेन्निक' या जहाल मासिकात आंतोनोविचने ही तरुणांची बदनामी असल्याचं लिहिलं. पिसारेव्ह या विशीतल्या समीक्षकाने उलट बझारोवला छातीशी धरलं: हो, आम्ही असेच आहोत. त्याच १८६२ च्या वसंतात पीटर्सबर्गमध्ये मोठ्या आगी लागल्या. तुर्गेनेव्हने पुढे आठवण लिहून ठेवली आहे की तो शहरात परतला तेव्हा भेटलेला पहिला ओळखीचा माणूस उद्गारला, "बघा, तुमचे निहिलिस्ट काय करताहेत! पीटर्सबर्ग जाळताहेत!" पुस्तक येऊन काही महिनेच झाले होते आणि कादंबरीतला शब्द शहरातल्या धुराचं कारण बनला होता.

मग या माणसांनी प्रत्यक्ष केलं काय? चेर्निशेव्स्की हा जहाल लेखक तुरुंगात होता. पीटर-पॉल किल्ल्यातल्या कोठडीत त्याने लिहिलेली 'काय करावे?' ही कादंबरी १८६३ मध्ये सेन्सॉरच्या हलगर्जीपणामुळे छापून आली. साहित्य म्हणून ती कंटाळवाणी आहे, मी ती पानं उलटत संपवली. पण तिच्या नायिकेने काढलेल्या शिवणकामाच्या सहकारी कारखान्याची नक्कल करून तरुण-तरुणींनी खरेखुरे कारखाने काढले, एकत्र घरं थाटली. मुलींना बापाच्या परवानगीशिवाय परदेशी शिकायला जाता येत नसे, म्हणून नावापुरती लग्नं लावली जात. सोफिया कोव्हालेव्हस्कायाने १८६८ मध्ये असंच लग्न केलं, जर्मनी गाठली आणि १८७४ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली. नादेझ्दा सुस्लोव्हा त्याआधीच, १८६७ मध्ये, झुरिचला डॉक्टर झाली होती. आखूड कापलेले केस, निळा चष्मा, साधा लोकरी पोशाख हा त्या पिढीच्या मुलींचा वेश. १८६६ मध्ये झारवर गोळी झाडली गेली, आणि निझ्नी नोवगोरोदच्या गव्हर्नरने हुकूम काढला: अशा वेशातल्या बायका दिसल्या तर पोलिसांनी समज द्यावी, नाही ऐकलं तर प्रांताबाहेर घालवावं.

आता तिन्ही रकाने भरा. कोण म्हणतंय: गव्हर्नर. कुणाला: केस कापलेल्या मुलीला. नाकारलं काय: घेरदार झगा आणि बापाची परवानगी. शिक्षण, श्रम, विज्ञान, स्त्री-पुरुष समता यांवर तिचा जो विश्वास होता, तितका त्या गव्हर्नरचा तरी कशावर असेल का, अशी मला शंका आहे.

३. बॉम्बचं प्रकरण वेगळं ठेवा

नवख्याचा पाय हमखास घसरतो तो इथे. १८६० च्या दशकातले निहिलिस्ट आणि १८८१ मध्ये झारला मारणारे क्रांतिकारक यांचं एकच गाठोडं बांधलं जातं. तसं करू नका.

मधली कडी आहे नेचायेव्ह हा तरुण क्रांतिकारक. १८६९ मध्ये त्याने क्रांतिकारकाची एक संहिता लिहिली. क्रांतिकारकाला स्वतःचं काही नाही, ना भावना, ना मालमत्ता, ना नाव, असं सांगणारी. त्याच वर्षी मॉस्कोत त्याने आपल्याच गटातल्या इव्हानोव्ह या विद्यार्थ्याचा साथीदारांना घेऊन खून केला. दोस्तोयव्हस्कीने ही घटना घेऊन १८७१-७२ मध्ये 'डेमन्स' लिहिली. गंमत म्हणजे ती ज्या मासिकात क्रमशः आली, काटकोव्ह या संपादकाच्या त्याच 'रशियन मेसेंजर'मध्ये दहा वर्षांपूर्वी बझारोव जन्मला होता.

१ मार्च १८८१ ला (नव्या कालगणनेप्रमाणे १३ मार्च) दुसऱ्या अलेक्झांडरवर बॉम्ब पडले. हे काम 'नरोदनाया वोल्या', म्हणजे लोकेच्छा, या संघटनेचं. युरोपातल्या वर्तमानपत्रांनी त्यांना सरसकट निहिलिस्ट म्हटलं. त्यांच्या मागण्या बघा: संविधान सभा, शेतकऱ्यांना जमीन, भाषणस्वातंत्र्य. त्याच वर्षी अमेरिकेत अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ते दगावले, तेव्हा याच संघटनेच्या कार्यकारिणीने त्या कृत्याचा निषेध केला. जिथे विचारांची लढाई मोकळेपणाने लढता येते तिथे राजकीय हत्या ही हुकूमशाहीच ठरते, असं त्यांचं म्हणणं होतं. पटो वा न पटो, मूल्यंच नसलेला माणूस असा भेद करत बसणार नाही.

या धाग्याचं एक टोक महाराष्ट्रात येतं. सेनापती बापट आणि बंगालचे हेमचंद्र कानुनगो हे पॅरिसमध्ये रशियन निर्वासित क्रांतिकारकांकडून बॉम्बविद्या शिकले; त्यांनी मिळवलेली बॉम्बकृतीची पुस्तिका १९०८ च्या सुमारास हिंदुस्थानात पोचली. इंग्रजी वर्तमानपत्री भाषेत हे 'रशियन पद्धती'चं लोण. त्याच बापटांनी पुढे १९२० च्या दशकात मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी धरणाविरुद्ध सत्याग्रह चालवला. त्यांना निहिलिस्टांच्या पंगतीत बसवायचं असेल तर तिसरा रकाना भरून दाखवा.

४. नीत्शे: आधी एक परिच्छेद, मग पुस्तक

'द गे सायन्स' १८८२ चं. त्यातला १२५ क्रमांकाचा उतारा उघडा. भर सकाळी कंदील घेऊन एक वेडा बाजारात येतो आणि देव शोधू लागतो. बाजारातली माणसं हसतात. का हसतात, तिथे थांबून वाचा: ती आधीच देव न मानणारी आहेत. वेडा भाविकांना डिवचायला आलेला नाही. तुम्ही सहज टाकून दिलंत त्याच्या पायावर तुमची नीती, तुमचं सत्य, तुमची दिशा उभी होती, आणि याचा तुम्हाला पत्ताच नाही, असं तो नास्तिकांना सांगतोय. शेवटी म्हणतो, मी फार लवकर आलो.

म्हणजे नीत्शे निहिलिझमचा प्रचारक नाही. येऊ घातलेल्या दुखण्याचं निदान तो करतो. १८८७ च्या आसपासच्या टिपणांत त्याने दोन प्रकार केले आहेत: थकून हात टेकणारा, आणि जुनं मोडण्याइतकी ताकद आलेला. दोन्हींच्या पलीकडे जायची त्याची धडपड. ती कितपत जमली यावर अभ्यासक अजून भांडताहेत, तुम्ही लगेच बाजू घ्यायची गरज नाही.

इथले खड्डे असे:

'द विल टू पॉवर'ने सुरुवात करू नका. नीत्शेने ते पुस्तक म्हणून पूर्ण केलंच नव्हतं. जानेवारी १८८९ मध्ये त्याचं मन कोलमडलं. १९०० मध्ये तो गेला. बहीण एलिझाबेथ आणि मित्र पीटर गास्ट यांच्या हाताखाली त्याच्या वह्यांतली टिपणं निवडून १९०१ मध्ये ते छापलं गेलं, १९०६ मध्ये आणखी फुगवलं गेलं.

'काहीच सत्य नाही, सगळ्याला मुभा आहे' हे वाक्य नीत्शेच्या नावाने फिरतं. 'जीनिऑलॉजी ऑफ मॉरल्स'मध्ये तो ते मध्ययुगीन हशाशीन पंथाचं ब्रीद म्हणून उद्धृत करतो. तसंच 'देव नसेल तर सगळं चालतं' हे दोस्तोयव्हस्कीचं मत म्हणून कुणी तुमच्या तोंडावर मारेल. तो 'ब्रदर्स कारामाझोव्ह'मधल्या त्याच्या पात्राचा विचार आहे, आणि लेखक त्याच विचाराशी पूर्ण कादंबरीभर झगडतो.

आणि हो, नीत्शेने बौद्ध धर्मालाही निहिलिस्ट धर्म म्हटलं आहे, ख्रिस्ती धर्मापेक्षा वरच्या पायरीवर बसवून का होईना. त्याची वहीत नोंद करून ठेवा, सहाव्या पायरीवर लागेल.

५. कामू आणि इतर सोयरे

थोडक्यात उरका. १९४२ चा 'सिसिफस' आत्महत्येच्या प्रश्नाने सुरू होतो आणि उत्तर 'नाही' असं देतो. १९५१ च्या 'द रिबेल'मध्ये कामू रशियन क्रांतिकारकांकडे परत जातो आणि निहिलिझमवर थेट टीका करतो. त्याला निहिलिस्ट म्हणणाऱ्याने पुस्तकाचं फक्त मलपृष्ठ वाचलेलं असतं. शोपेनहॉवर निराशावादी, सार्त्र अस्तित्ववादी. शेजारची घरं आहेत, पण दारं वेगळी.

एक सूचना मात्र घाईत सांगण्यासारखी नाही. तत्त्वज्ञान वाचून पडलेला प्रश्न आणि मनाचं आजारपण या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. पहिल्यात माणूस रात्री वाद घालतो आणि सकाळी पोहे खातो. झोप, भूक, माणसांत मिसळणं हे सगळं आठवडेच्या आठवडे सुटलं असेल, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर पुस्तक मिटा आणि कुणाशी तरी बोला. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

६. आता घरी या

बरेच जण ही पायरी पहिली घेतात आणि 'हे सगळं आपल्याकडे आधीच होतं' म्हणून विषय बंद करतात. रशिया आणि नीत्शे पचवल्यावर घेतली तर ती फार श्रीमंत आहे.

अजित केसकंबलापासून सुरू करा. बुद्धाचा हा समकालीन श्रमण दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात भेटतो. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध'मध्ये त्या काळच्या श्रमणपंथांची ओळख करून दिली आहे, ती आधी वाचा. दानाला, यज्ञाला फळ नाही; माणूस चार महाभूतांचा; मूर्ख असो की शहाणा, देह मोडला की दोघंही संपतात, हे त्याचं मत. आता रकाने. हे कोण सांगतंय? बौद्ध ग्रंथ, म्हणजे प्रतिपक्ष. अजिताचं स्वतःचं एक पानही आपल्यापर्यंत आलेलं नाही.

चार्वाकांचंही तेच. 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' सगळ्यांना पाठ असतं, पण ते आपल्यापर्यंत आलं मुख्यतः चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'मधून, आणि तिथे चार्वाकांचा पक्ष पहिल्याच प्रकरणात मांडलाय तो पुढे खोडण्यासाठी. आठवले हे पुरावे शांतपणे तपासतात. आ. ह. साळुंखे यांचं 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' बाजू घेऊन लिहिलेलं आहे आणि त्याचं शीर्षकच तिसऱ्या रकान्याला उत्तर देतं. दोन्ही वाचा, याच क्रमाने.

या परंपरेशी जोडला जाणारा एक ग्रंथ प्रत्यक्ष हाती आहे: जयराशी भट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह'. त्याचं हस्तलिखित १९२६ मध्ये गुजरातेतल्या पाटणच्या भांडारात सापडलं आणि १९४० मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापलं गेलं. जयराशी प्रत्यक्ष, अनुमान, सगळीच प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, एकेक करून मोडतो. म्हणजे पहिल्या पायरीवरचा पहिला दावा, टोकाला नेलेला. आणि शेवटी काय? सगळी तत्त्वं अशी उधळली गेली की रोजचे व्यवहार विचाराच्या काचाविना रमणीय होतात, असं तो म्हणतो. हताशपणाचा मागमूस नाही.

नागार्जुनापाशी जपून. त्याच्या शून्यवादाला निहिलिझम समजणं ही एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची चूक, नीत्शेला ती वारशात मिळाली आणि आपण ती तिथून परत आयात केली. 'मूलमध्यमककारिका'चं चोविसावं प्रकरण मिळवा. तिथे प्रतिपक्षी हाच आक्षेप घेतो: सगळं शून्य असेल तर चार आर्यसत्यंही गेली, धर्म गेला, संघ गेला. नागार्जुन उलट फिरवतो. वस्तूंना स्वतःचा अचल स्वभाव असता तर काही बदललंच नसतं, दुःख संपण्याची वाटही उरली नसती. शून्य म्हणजे परस्परांवर अवलंबून असणं. आणि शून्यता चुकीची धरली तर ती वाईट पकडलेल्या सापासारखी मंदबुद्धीच्या माणसाचा नाश करते, हा इशाराही त्याच प्रकरणात आहे.

७. मराठी कादंबरीवर हात साफ करा

हा सरावाचा भाग. 'कोसला' (१९६३) बहुतेकांनी वाचलेली असते आणि पांडुरंग सांगवीकरला 'सगळं निरर्थक मानणारा' म्हणून मोकळं होणारेही भरपूर. रकाने घेऊन बसा आणि धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग परत वाचा. ज्याला कशाचंच मोल नाही तो असा कोसळतो का? बझारोवही मादाम ओदिन्त्सोव्हाच्या प्रेमात पडतो आणि स्वतःवरच चिडतो, तेव्हा तुर्गेनेव्ह हेच दाखवत असतो. माझं मत: दोन्ही कादंबऱ्यांत नकार हा तोंडचा आहे, पोटातला नाही. तुमचं वेगळं निघालं तर उत्तमच, फक्त पान क्रमांक लिहून ठेवा.

८. आजच्या बातम्यांत शब्द दिसला तर

दोन ठिकाणी दिसेल. एक, इंटरनेटवरचा हलकाफुलका वापर. कुर्त्सगेझाक्ट या जर्मन यूट्यूब चॅनेलने २०१७ मध्ये 'आशावादी निहिलिझम' असा व्हिडिओ काढला: विश्वाला आपली पर्वा नाही, मग आपला अर्थ आपण ठरवू. ऐकायला छान आहे, पण तिसऱ्या दाव्यावरून निघून दुसऱ्या दाव्याला न शिवता आनंदाच्या गावी पोहोचतो. मुलांशी चर्चा सुरू करायला चालेल.

दोन, पोलिसी वापर. २०२५ पासून अमेरिकेत एफबीआय आणि सरकारी वकील 'निहिलिस्टिक व्हायलंट एक्स्ट्रिमिझम' अशी वर्गवारी वापरू लागले आहेत. ऑनलाइन टोळ्यांमधून मुलांचा छळ आणि हिंसा घडवणाऱ्यांसाठी. गुन्हे भयंकर आहेत, त्यात वाद नाही. तरी कोण म्हणतंय हा रकाना रिकामा ठेवू नका, कारण सरकारी शिक्का एकदा तयार झाला की तो आखूड केसांवरही बसू शकतो, हे १८६६ ने दाखवलंय.

९. पुढे जायचं असेल तर

जपानच्या क्योतो पंथातल्या निशितानी केइजीकडे जा. तो १९३० च्या दशकाच्या शेवटी फ्रायबर्गला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरकडे शिकायला होता. १९४९ मध्ये, हरलेल्या जपानात, त्याने निहिलिझमवर व्याख्यानं दिली; 'द सेल्फ-ओव्हरकमिंग ऑफ निहिलिझम' या नावाने ती इंग्रजीत मिळतात. रशियन, नीत्शे, हायडेगर सगळे त्यात येतात, आणि पुढच्या लेखनात तो नीत्शेच्या शून्याला महायानाच्या शून्यतेतून उत्तर शोधतो. नागार्जुनाचं चोविसावं प्रकरण झालं नसेल तर ही व्याख्यानं मात्र आत्ता मागवू नका.